कळव्याहून आलेली बॅग

विहीणबाई, तुमची बॅग उघडली मी. तुम्हाला न विचारता. विचारणार तरी कुणाला? मागच्या आठवड्यात, शुक्रवारी, मृदुला आणि निखिल कामावर गेल्यावर मी आतल्या खोलीत शिरले, घरात दुसरं कुणी नसताना दाराला कडी घातली आणि तुमच्या त्या किरमिजी बॅगेची चेन ओढली. साठी उलटलेली बाई मी, स्वतःच्याच घरात चोरासारखी फतकल मारून बसले होते. रागवायचं तर रागवा. पण आधी सगळं ऐकून घ्या. तसंही इतकी वर्षं तुम्ही माझं ऐकूनच घेत आलात, त्यात हे आणखी एक.

तुम्हाला जाऊन महिना झाला. लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, चहा पितात, जातात. मला तसलं बोलता येत नाही. मला तुमच्याशी भांडायचंय, आणि भांडायला तुम्ही नाही, हे अजून माझ्या पचनी पडत नाही. कुणाचा तरी नंबर शोधायला फोन हातात घेते, 'विहीणबाई कळवा' असं नाव दिसतं, बोट तिकडं जातं आणि मग आठवतं. बाई गं, असं कुणी जातं का? भरलेली बॅग दुसऱ्याच्या घरी ठेवून?

आपलं नातंच मुळात भांडणाचं. तुमची मृदुला माझ्या घरात सून म्हणून आली, माझा निखिल तुमचा जावई झाला; जगात कुठल्या दोन विहिणींचं पटलंय? पण भांडायला दोघी लागतात, आणि तुम्ही कधी भांडलाच नाहीत. लग्न ठरवायला आम्ही कळव्याला तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही तासभर उभ्याच. मी म्हटलं, बसा हो. तुम्ही म्हणालात, "बसते की," आणि बशा घेऊन परत स्वयंपाकघरात. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई मला छळणार. समोरच्याला मान देऊन देऊन जागचं हलूच द्यायचं नाही, हीसुद्धा छळायची एक तऱ्हा असते.

मग मानपाड्याला आमच्याकडे पहिल्यांदा आलात त्या घरूनच पाण्याची बाटली घेऊन. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणे. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो, हे तुमच्या पणजीच्या वेळचं. आमच्याकडे फिल्टरचं पाणी आहे." तुम्ही हसलात आणि आपल्या बाटलीतलं घोटभर प्यायलात. पुढे कधीतरी चहावर आलात, आणि त्यालाही तुमचं कारण तयार होतं: चहात दूध जास्त, पाणी कमी. मग काय, तुम्ही यायच्या दिवशी मी निव्वळ दुधाचा चहा करायला लागले. निखिल म्हणायचा, "आई, हा चहा आहे की खीर?" आता माझ्या हातून साधा चहा होतच नाही.

"तुम्ही मुलाकडच्या," हे तुमचं पालुपद. "मुलीकडच्यांनी मागायचं नसतं हो, द्यायचं असतं." मी म्हणायचे, "माझ्या मुलानं असं काय राज्य जिंकलंय? ओला टॉवेल पलंगावर टाकतो अजून." तुम्हाला हसू यायचं, पण पदर तोंडाला. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही रोज कळव्याहून आलात, डबा घेऊन. डोळ्यात थेंब घालायचे तर तुम्ही फोनवर गजर लावलेले. मी म्हणायचे, दहा मिनिटं इकडं तिकडं झाली तर डोळा काय पळून जाणारे? तुम्ही म्हणायचात, "औषधाची वेळ म्हणजे वेळ." त्या दिवसांत मी तुमचा हात धरून एकदा म्हटलं होतं, तुम्हाला काय लागलं तर मला सांगाल ना? तुम्ही म्हणालात, "मला काय लागणारे?" तो वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तो मिटला असता तर आज तुम्ही असता, असं मला वाटतं. का वाटतं ते सांगते.

अंदमानचं खूळ मृदुलाचं. आपण दोघी नवऱ्यांमागे राहिलेल्या बायका. आपला लांबचा प्रवास म्हणजे लग्नं आणि मयतं. डोंबिवलीतल्या कुठल्याशा कंपनीची फक्त बायकांची सहल होती, तिनं आपली दोघींची नावं घातली आणि मग सांगितलं. तुम्ही म्हणालात, "समुद्र बघायला विमानात कशाला बसायचं? आमच्या दापोलीला काय कमी आहे?" पण आवाज बदललेला मला फोनवरसुद्धा कळला. दुसऱ्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "तिथलं पाणी फोटोत दिसतं तसं निळं असतं का हो खरंच?" मी साताऱ्याकडची. मला समुद्र म्हणजे खारट पाणी आणि ओली साडी. म्हटलं, असेल, कळेलच.

आणि मग तुमची तयारी! मी आपली आदल्या दिवशी कपाट उघडून हाताला लागेल ते कोंबणारी. तुमची बॅग महिनाभर आधी पलंगावर उघडी. तिथं उकाडा कायम, पाऊस कधीही येतो, म्हणून जाड काही नाही, सगळं सुती, लवकर वाळणारं. बोटीत चढताना साडी पायात येते म्हणून जन्मात पहिल्यांदा दोन पंजाबी ड्रेस शिवून घेतलेत, आणि ते दाखवायला मला व्हिडिओ कॉल केलात, पण फोन धरलात छताकडे. मी ओरडले, "अहो, पंखा दिसतोय मला, तुम्ही कुठायत?" तुम्ही म्हणालात, "असू दे, रंग कळला ना?" भिंतीचा रंग कळला, ड्रेसचा नाही. मृदुलानं आणलेल्या पाण्यात घालायच्या रबरी चपला तुम्ही घरातच घालून फिरायला लागलात, सवय व्हावी म्हणून. चिवडा, मेतकूट, सुंठ, डासांचं मलम, विमानात मळमळलं तर आमसुलं.

"जेवण देणारेत हो ते लोक," मी म्हटलं.

"जेवण देतील. आमसूल देणारेत का?"

कप्पाळ माझं!

शेवटी निघालं पंचांग. विमान नेमकं अमावास्येला. सहलवाल्यांना त्याचं काय? पण तुमचा चेहरा पडला. मग तुम्हीच तोड काढलीत. "प्रस्थान ठेवते," म्हणालात. मी तो शब्द माझ्या आजीच्या तोंडी ऐकला होता, त्यानंतर तुमच्याच. निघायचा दिवस वाईट असला की त्याआधीचा एखादा चांगला दिवस बघायचा, सामानातलं काहीतरी घराबाहेर काढायचं आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. मग माणूस अमावास्येला निघो नाहीतर ग्रहणात. देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायची सोय, दुसरं काय! लोक बिचारे सुपारी-तांदळाची पुरचुंडी ठेवतात. तुम्ही अख्खी बॅग ठेवायला निघालात.

"तुमच्याकडे ठेवते. अंदमान पूर्वेला, आणि कळव्याहून तुमचं घर पूर्वेला."

"अहो, पण विमानतळ पश्चिमेला आहे! आधी तिकडं जायचंय."

"विमानतळ काय मुक्काम आहे का? मुक्काम पूर्वेला."

यावर आपण बराच वेळ भांडलो, म्हणजे मी भांडले. आणि मग तुम्ही हळूच म्हणालात, "ठेवाल ना हो? तेवढं एक मागते तुमच्याकडे."

इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. त्या एका शब्दासाठी मी ती बॅग डोक्यावर घेऊन चालत आले असते. विश्वास-बिश्वास गेला खड्ड्यात. तुम्ही सांगितलेल्या दिवशी सकाळीच मी कळव्याला हजर. तुम्ही बॅगेला हळदकुंकू लावलंत, उंबऱ्याबाहेर ठेवलीत आणि मला बजावलंत, "आता ही प्रवासाला निघाली. जाऊन आल्याशिवाय परत या घरात यायची नाही आणि उघडायची पण नाही, नाहीतर प्रस्थान मोडतं." रिक्षावाला बघतच राहिला. मुंब्रा, शीळफाटा करत, ट्रकांच्या मागे धूळ खात मी तुमची बॅग मानपाड्याला आणली आणि मृदुलाच्या पलंगाखाली सारली. वाटेत तुमचे फोन चालूच: पोचली का? मी नव्हे, बॅग.

ही गोष्ट मी सगळ्यांना रंगवून रंगवून सांगितली होती. आमची अख्खी बिल्डिंग हसली होती.

निघायला चारच दिवस राहिले आणि सहलवाल्यांचा फोन आला. तिकडं समुद्रात वादळ, बोटी बंद, सहल आठवडाभर पुढे. नवा दिवस पंचांगातही चांगला निघाला. मी तुम्हाला म्हटलं, "आता अमावास्येचा प्रश्नच मिटला. बॅग आणून देते." तुम्ही नको म्हणालात. एकदा बाहेर काढलेलं परत आत घ्यायचं नाही. "राहू दे तिथंच. तुम्हाला अडचण होत नाही ना?" मी म्हटलं, "बॅगेची कसली अडचण? ती काय चहा मागते?" तुम्ही हसलात. ते आपलं शेवटचं बोलणं, विहीणबाई. दुसरं काही चांगलं तरी बोलले असते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मृदुला ऑफिसमधून आली ती हसतच. तुम्ही तिच्या 'अगं आई' आणि मी 'अहो आई', हे तिचं पहिल्यापासूनचं. चपला काढता काढता म्हणाली, "अहो आई, आईचा फोन होता दुपारी. बॅगेतून एक वस्तू काढायची म्हणत होती. माझी मीटिंग चाललेली. मी म्हटलं, काय गं, आता स्वतःच प्रस्थान मोडतेस? तर म्हणाली, असू दे, असू दे, एवढं काही नाही." निखिल हसला. मीही हसले.

पुढच्या सोमवारी तुमच्या शेजारणीचा फोन. तुम्ही स्वयंपाकघरात पडलात. मेंदूत गुठळी. दवाखान्यात डॉक्टरांनी मृदुलाला विचारलं, "प्रेशरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या नियमित घेत होत्या ना?" ती ठामपणे म्हणाली, "आई? ती कधीच चुकवत नाही." मी मागे उभी राहून मान हलवली. एक वेळ घड्याळ चुकेल, तुम्ही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. सहलीतल्या बाकीच्या बायका विमानात बसल्या त्या दिवशी तुमचा तिसरा दिवस होता.

मृदुलाचं काय सांगू तुम्हाला? दिवस होईपर्यंत ती खंबीर होती. मग तुमचं घर आवरायला गेली आणि तिथं मोडली. घरात गोळ्या सापडेनात. औषधांचा डबा मोकळा, कचऱ्यात रिकाम्या पट्ट्या. घरी आली, हातपाय धुतले, ताटावर बसली आणि तशीच उठली. तेव्हापासून तिचं जेवण म्हणजे दोन घास चिवडायचे आणि ताट सारायचं. अंगावर कपडे लोंबायला लागले. निखिल समजावून थकला. आणि तिचा एकच प्रश्न, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना: "अहो आई, काय काढायचं असेल हो तिला बॅगेतून?" मी म्हणायचे, चष्मा असेल, चार्जर असेल. "मी विचारलं का नाही? एवढं विचारायला काय झालं होतं मला?" शेवटी तिनंच ठरवलं, रविवारी बॅग उघडायची. निखिल म्हणाला, मी बसतो बरोबर. ती म्हणाली, नको, मी आणि अहो आई.

म्हणून मी शुक्रवारी बसले. त्या बॅगेत काय निघेल याची मला धास्ती होती, आणि त्या पोरीच्या आधी ते मला बघायचं होतं.

वरच पंजाबी ड्रेस. रंग चांगला आहे हो, आंबा कलर. त्याखाली पिशव्या, एका दिवसाची एक, त्या त्या दिवसाचे कपडे रुमालासकट आत. आणि पिशव्या कसल्या, तर खणांच्या! मी ओळखले ना ते खण. आपल्या दोघींचे नवरे होते तोवर संक्रांतीला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला, दरवेळी मी तुमची ओटी भरली, ते सगळे. खरं सांगू का, त्यातले निम्मे मला कुणी ना कुणी दिलेले, मी पुढे सरकवलेले. ब्लाउजपीस कधी कुठल्या बाईच्या घरी मुक्कामाला राहतो? पण तुमच्याकडे राहिले होते. एकही तुम्ही पुढे सरकवला नव्हता. अस्तर लावून, नाड्या ओवून तुम्ही त्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या. मला रडू फुटलं. तुम्ही गेलात त्या दिवशी फुटलं नव्हतं एवढं. बॅगेत उन्हाच्या टोप्या दोन, टूथब्रश दोन, पाण्याच्या चपलांचे जोडही दोन. मी विसरणार हे धरून तुम्ही माझंही भरलं होतंत.

पोपटी पिशवी तळाशी होती. हाताला लागली तेव्हाच मला कळलं, उघडायच्या आधी. तुमच्या गोळ्या. महिनाभर पुरतील एवढ्या, पट्ट्यांना रबर लावलेलं, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून.

तुम्ही विसरला नव्हतात. निघायच्या दिवसापर्यंत लागतील तेवढ्या गोळ्या घरी ठेवल्यात आणि बाकीच्या बॅगेत भरल्यात. अगदी तुमच्यासारखं, चोख. वादळ येणार हे कुणाला माहीत होतं? सहल पुढे गेली आणि घरातल्या गोळ्या संपल्या. अहो, तुमच्या बिल्डिंगखाली औषधांचं दुकान आहे! पण गोळ्या भरून ठेवलेल्या असताना परत कोण आणतं, चिठ्ठीही बॅगेत, आणि आठवड्याभरात निघायचंच तर आहे. असंच झालं असणार ना? मुलीला फोन केलात. तिनं थट्टा केली. आणि तुम्ही म्हणालात, असू दे.

तुमच्या त्या 'असू दे'ला आग लागो! मला का नाही फोन केलात? मी रिक्षा करून आले असते, उंबऱ्याबाहेर उभी राहून गोळ्या तुमच्या तोंडात कोंबल्या असत्या, मग मोडलं असतं प्रस्थान तर मोडलं असतं. का नाही केलात ते मला ठाऊक आहे. एकदा मागून झालं होतं. मुलाकडच्यांकडे दुसऱ्यांदा कसं मागायचं? प्रस्थानानं नाही मारलं तुम्हाला, विहीणबाई. ते आपलं साधं जुनं खूळ. तुम्हाला मारलं त्या मुलीकडचेपणानं. मी त्याची टिंगल करत राहिले, तुम्ही पदराआड हसत राहिलात, आणि ते तुमच्या हाडात असं मुरलं होतं की जिवावर बेतलं तरी सुटलं नाही. मी तिथं जमिनीवर बसून तुम्हाला शिव्या दिल्या. मोठमोठ्यानं. पहिल्यांदा तुमच्याशी पोटभर भांडले, आणि तुम्ही तेव्हाही उलट बोलला नाहीत.

शिव्या देऊन झाल्या. मग विचार केला. रविवारी मृदुला ही पिशवी उघडणार. आई काय मागत होती, त्याचं उत्तर तिच्या हातात पडणार, आणि तेही तिच्याच पलंगाखालून. जी पोरगी नुसत्या शंकेनं जेवण टाकते, ती खात्री पटल्यावर काय करेल? मी शाळेत शिकवत होते, खरं बोलावं हे पोरांकडून फळ्यावर लिहून घेतलेली बाई मी. पण फळ्यावर लिहायला काय जातं?

उठले. एकेक गोळी पट्टीतून काढली आणि मोरीत सोडली. फट्, फट् आवाज व्हायचा. वरून पाणी ओतत होते. एवढ्या गोळ्यांना वेळ लागतो हो. मध्येच शेजारणीनं बेल वाजवली, कढीपत्ता हवा होता. हात पुसले, कढीपत्ता दिला, तिच्याशी गॅसवाल्याबद्दल बोलले आणि परत येऊन मोरीपाशी बसले. चिठ्ठी फाडून टाकली. रिकाम्या पट्ट्या कागदात गुंडाळून पार नाक्यावरच्या कचराकुंडीत नेऊन टाकल्या, कारण घरातला सुका कचरा मृदुला स्वतः वेगळा काढते. बॅगेच्या वरच्या कप्प्यात तुमचा जास्तीचा चष्मा होता, तो पोपटी पिशवीत घातला. नाडी तुम्ही बांधली होती तशीच बांधायचा प्रयत्न केला. तुमच्यासारखी गाठ मला येत नाही.

रविवारी ती बसली, बाजूला मी. आधी तिनं तुमचा ड्रेस नाकाशी धरला. मग पिशव्या एकेक करून उघडायला लागली. तिचे हात भराभरा चालत होते, कपड्यांवर नजर ठरत नव्हती, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही आईची आठवण काढत नाहीये, ही शोधतेय. तिनं माझ्याआधीच सगळं जुळवलं होतं, विहीणबाई. तुमच्या रिकाम्या डब्यावरून. आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती. पोपटी पिशवी हातात घेतली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले. आतून चष्मा निघाला. तिनं बॅग उलटी केली, झटकली, अस्तरात हात घालून चाचपलं.

"नाहीत," ती म्हणाली. "अहो आई, गोळ्या नाहीयेत यात."

"कुठल्या गोळ्या?" मी विचारलं. इतकं सहज विचारलं की मला माझीच भीती वाटली.

"मला वाटलेलं, ती गोळ्याच मागत होती फोनवर. मला वाटलेलं, मीच..." माझ्या मांडीत डोकं घालून ती रडली, सुटल्यासारखी. मग नाक पुसत म्हणाली, "चष्माच मागत असेल ना?"

"चष्माच," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी ती वरणभात जेवली. ताक मागून घेतलं.

पण एवढ्यावर थोडंच भागतं? बॅगेत नाहीत, घरात नाहीत, म्हणजे गोळ्या संपल्या आणि आईनं आणल्याच नाहीत. दोन दिवसांत तिला राग यायला लागला. तुमचा. "खाली दुकान आहे, अहो आई! जिना उतरायचा फक्त. सहलीच्या नादात गोळ्यांची शुद्ध राहिली नाही तिला. एवढं कसं निष्काळजी असतं माणूस?" मैत्रिणींना फोनवर तेच, निखिलला तेच. चिडलेलं माणूस जेवतं, हे मला नव्यानं कळलं. तुमची लेक तुमच्या नावानं बोटं मोडते आणि पोळी खाते, आणि मी तिला गरम गरम वाढते.

हे मला सोसत नाही, म्हणून तुमच्याशी बोलत बसलेय. तुम्ही आणि निष्काळजी! दुसऱ्याच्या डोळ्यातल्या थेंबांसाठी गजर लावणारी बाई! रोज वाटतं, ओरडून सांगावं तिला, अगं, तुझी आई एक गोळी इकडची तिकडं होऊ देणारी नव्हती. तोंड उघडते आणि विचारते, भाजी वाढू का. तुम्ही असता तर हेच केलं असतंत का? मला वाटतं, केलं असतंत. तुम्ही आणखी सफाईनं केलं असतंत. पण तुमचं नाव माझ्या हातात होतं, आणि ते मी खर्ची घातलं, तुम्हाला न विचारता.

काल कळव्याला तुमचं महिन्याचं केलं. दापोलीहून तुमच्या थोरल्या बहीण, नलूताई, आल्या होत्या. पंगतीत मृदुलानंच विषय काढला, त्याच रागात. नलूताईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"सुलू गोळ्या विसरेल? छे गं. शाळेचं दप्तरसुद्धा आदल्या दिवशी भरून ठेवायची ती, माझंही भरायची. नाही, नाही. यात काहीतरी वेगळं आहे."

मृदुलाचा हात भातात थांबला. बॅग उलटी करतानाचा तो चेहरा मला परत दिसला. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. नलूताईही माझ्याकडेच बघत होत्या.

मी कढीचं भांडं खाली ठेवलं. "नाही हो, नलूताई," मी म्हटलं. "तुम्ही लांब होतात, तुम्हाला कल्पना नाही. अलीकडे फार निष्काळजी झाल्या होत्या त्या. मीच कितीदा बोलले असेन."

नलूताईंनी डोळ्यांना पदर लावला. मृदुलानं श्वास सोडला, भात कालवला आणि वाटी माझ्यापुढे केली.

"अहो आई, अजून थोडी कढी."

मी वाढली.